खाऱ्या वाळूसाठी मशीन निवडताना

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल, तेव्हा श्रीवर्धनहून मामाचा फोन आला. "अगो, तुमच्या कारखान्यात ते धातू पकडायचं मशीन असतं ना? ते दोन दिवस इकडे आणता येईल का?" मामाकडे घरगुती राहण्या-जेवणाची सोय आहे. पुण्याचं एक नवं जोडपं उतरलं होतं. सकाळी ओहोटीला पाण्याच्या कडेने चालताना मुलीच्या ओल्या बोटातून साखरपुड्याची अंगठी निसटली. मामाने तीन सकाळी स्वयंपाकघरातला मोठा झारा घेऊन वाळू चाळली, पण अंगठी मिळाली नाही. पाहुणे परत गेले, तरी ती गोष्ट मामाच्या मनातून जाईना. दर मोसमात कुणाचं ना कुणाचं काही जातं, आणि लोक रडवेले होऊन त्याच्या पडवीत येऊन बसतात.

मी सतरा वर्षं लोणची-मसाल्यांच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. आमचं मशीन म्हणजे जमिनीला बोल्टने जखडलेला बोगदा. पट्ट्यावरून बाटल्या त्यातून जातात आणि धातूचा कण असला की पट्टा थांबतो. ते उचलून समुद्रावर नेता येणार नाही, हे मामाला सांगितलं. पण हातात धरायची मशीनं असतात, एखादं बघते, असंही बोलून गेले. बघायला पुढचे चार महिने लागले.

पहिलं मशीन आत्तेभावाने दिलं. त्याने हौसेने घेतलेलं, एकाच फ्रिक्वेन्सीवर, म्हणजे जमिनीत एकाच कंपनसंख्येच्या लहरी सोडून चालणारं, हलकं आणि स्वस्तातलं. रविवारी आम्ही ते घेऊन खडकवासल्याच्या चौपाटीकडे गेलो. रस्त्याकडेच्या ओल्या मातीत मी माझी अंगठी सहा इंच पुरली, वरून दोन बादल्या पाणी ओतलं. मशीनने स्वच्छ, ठाम आवाज दिला. पुन्हा फिरवलं, पुन्हा तोच आवाज. ओल्या मातीत चालतं म्हणजे समुद्रावरही चालेल, असं मी धरून चालले. पुढच्या शनिवारी पहाटे निघून चांदणी चौक, पिरंगुट, ताम्हिणी, माणगाव, म्हसळा करत साडेनऊला मामाच्या दारात उभी राहिले.

कोरड्या वाळूवर मशीन शहाण्यासारखं वागलं. भरतीच्या रेषेच्या खाली ओल्या वाळूवर पाऊल टाकलं आणि ते किंचाळायला लागलं, ते थांबेचना. वाळूपासून वीतभर वर उचललं की गप्प, खाली आणलं की पुन्हा आरडाओरडा. सेन्सिटिव्हिटी कमी करत करत शेवटच्या खुणेवर नेली तेव्हा शांत झालं. मग माझी अंगठी फक्त दोन बोटं खोल पुरून पाहिली, तर तीही त्याला दिसली नाही. मामा काही बोलला नाही. मामीने चहा आणला.

ताम्हिणीच्या घाटात परत येताना डोक्यात प्रकाश पडला. हे तर मी रोज बघते! आमच्या लाइनवर कोरडा मसाला जातो तेव्हा मशीन बारीकसा कणही पकडतं. त्याच लाइनवर कैरीचं लोणचं लावलं की मशीनला लोणचंच धातूसारखं वाटायला लागतं. मीठ आणि पाणी एकत्र आलं की त्यातून वीज वाहते, आणि वीज वाहून नेणाऱ्या कुठल्याही वस्तूकडून मशीनला उत्तर मिळतं. याला आम्ही प्रॉडक्ट इफेक्ट म्हणतो. लोणचं कोमट असलं तर वेगळा आकडा, गार झालं की वेगळा. म्हणून दर मालाला मशीन नव्याने शिकवावं लागतं, आणि दर तासाला लोखंड, पितळ आणि स्टेनलेस स्टीलचे टेस्ट पीस घालून तपासावं लागतं. समुद्राची ओली वाळू म्हणजे मैलभर पसरलेलं लोणचं. खडकवासल्याचं गोडं पाणी त्याची परीक्षा घेऊच शकत नव्हतं.

मग मी घरीच समुद्र करायचं ठरवलं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. शेजारच्या बांधकामावरून दोन घमेली क्रश सँड मागून आणली. पुण्याची ही वाळू म्हणजे काळ्या पाषाणाचा चुरा. कागदात गुंडाळलेलं लोहचुंबक त्यातून फिरवलं की काळे बारीक कण मिशांसारखे चिकटून येतात. कोकणातल्या पुळणीवर पाण्याच्या रेषेपाशी जे काळसर पट्टे दिसतात, तेही अशाच लोहयुक्त जड कणांचे. म्हणजे मीठ मिसळलं की माझ्या टबात समुद्रावरच्या दोन्ही अडचणी येणार होत्या.

टब गच्चीवर मांडला. मशीन लावलं तर ते टबाआधीच ओरडू लागलं, कारण खाली स्लॅब आणि स्लॅबमध्ये सळ्यांची जाळी. ज्यांना घरी तपासायचं आहे त्यांनी हे लक्षात ठेवावं. इमारतीत, गच्चीवर, विजेच्या तारांखाली मशीन पारखता येत नाही. शेवटी टब गाडीत घालून खेड शिवापूरजवळ मैत्रिणीच्या मोकळ्या प्लॉटवर नेला.

तिथे आधी नळाचं वीस लिटर पाणी घातलं. आत्तेभावाचं मशीन शांत. त्याच पाण्यात ७०० ग्रॅम मीठ ढवळलं आणि पुन्हा फिरवलं. लगेच तोच श्रीवर्धनचा कल्लोळ! मला इतका आनंद झाला की मैत्रिणीला वाटलं सोनंच सापडलं. आता माझ्याकडे टेस्ट पीस होता. जे मशीन या टबावर टिकेल त्याचाच विचार करायचा.

एका फ्रिक्वेन्सीच्या मशीनचं दुखणं त्या दिवशी नीट कळलं. त्याला ग्राउंड बॅलन्सची कळ असते. जमिनीकडून येणारं उत्तर वजा करून टाकायची ती सोय. ती मी मिठावर बसवली की ओली वाळू गप्प व्हायची, पण चुंबकाने गोळा केलेले काळे कण जवळ आणले की ओरड सुरू. काळ्या कणांवर बसवली की मीठ ओरडायचं. मीठ आणि लोहकण या दोघांची उत्तरं वेगवेगळ्या जातीची असतात, आणि एकाच फ्रिक्वेन्सीकडे एकच वजाबाकी असते. पांढऱ्या स्वच्छ वाळूच्या किनाऱ्यावर अशा मशीनवरही निभावून नेता येतं. आपल्या कोकणात मात्र मीठ आणि काळे कण एकत्रच भेटतात.

दोन वाटा उरल्या. पहिली पल्स इंडक्शनची, जिला सगळे पीआय म्हणतात. हे मशीन सतत बोलत राहत नाही. ते विजेचा एक झटका देतं, काही मायक्रोसेकंद गप्प बसतं आणि मग कान देतं. देवळातल्या घंटेवर टोल दिला तर नाद रेंगाळतो, चिखलावर दिला तर तिथेच विरतो. खाऱ्या पाण्याचं उत्तर चिखलासारखं, म्हणजे मशीन ऐकायला लागेपर्यंत ते विरलेलं असतं. धातूचं उत्तर अजून घुमत असतं. काळ्या कणांचाही याला फारसा त्रास होत नाही. गॅरेट कंपनीचं सी हंटर याच जातीचं, २०० फूट पाण्याखाली चालणारं.

तपकीर गल्लीत सर्किट दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने स्वतःसाठी असं एक पीआय बनवलं होतं. कॉइलची, म्हणजे जमिनीवरून फिरवायच्या चकतीची, तार त्यानेच गुंडाळलेली. मी विनंती केल्यावर तो दुकान बंद करून प्लॉटवर आला. टबात मीठ, काळे कण, दोन्ही असून मशीन ढिम्म शांत. अंगठी दहा इंचांवरून ऐकू आली. मला वाटलं, निवड झाली.

"मॅडम, एक सांगतो," तो म्हणाला, "हे मशीन लोखंड आणि सोनं यांत फरक सांगत नाही. जे वाजेल ते खणायचं."

हे वाक्य मी घरी घेऊन आले आणि मामाचा किनारा डोळ्यांसमोर आणला. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ त्याच पट्ट्यावर धडकलं. मामाच्या वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या, आळीतल्या घरांचे पत्रे उडाले, पत्र्यांचे जे-हूक आणि खिळे वाळूत गेले. त्यात होड्यांचे खिळे, तारांचे तुकडे, फटाक्यांच्या तारा. पीआयने तिथे एका सकाळी दोनशे खड्डे पाडावे लागले असते, त्यातले एकशे नव्वद गंजक्या लोखंडासाठी. स्वच्छ किनारा असेल, खोल पाण्यात उतरायचं असेल, हातात वेळ असेल तर पीआयसारखं काही नाही, हे मी आजही म्हणेन. माझ्याकडे महिन्याचे दोन दिवस आहेत आणि निसर्गने पेरलेला किनारा आहे.

दुसरी वाट एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणाऱ्या मशीनची. हे तंत्र काही कालचं नाही. फिशरची सीझेड मालिका ५ आणि १५ किलोहर्ट्झ अशा दोन फ्रिक्वेन्सींवर चालायची. मिनलॅबच्या एक्सकॅलिबरमध्ये १.५ ते २५.५ किलोहर्ट्झच्या दरम्यान १७ फ्रिक्वेन्सी असतात. फ्रिक्वेन्सी चढवत नेली की मिठाचं उत्तर झपाट्याने वाढतं, काळ्या कणांचं मात्र जवळपास तसंच राहतं. दोन-तीन फ्रिक्वेन्सींची उत्तरं शेजारी ठेवली की कुणाचा वाटा किती ते मशीनला कळतं आणि दोन्ही वजा करता येतात. आणि लोखंड कोणतं, इतर धातू कोणता, हेही ते सांगतं. आमच्या लाइनवरच्या नव्या मशीनमध्येही लोणच्यासाठी हाच मार्ग काढलेला आहे, त्यामुळे माझा त्यावर विश्वास लगेच बसला.

पाषाणला राहणाऱ्या एका निवृत्त नौसैनिकांकडे मिनलॅबचं इक्विनॉक्स ६०० होतं आणि गुडघेदुखीमुळे ते विकायचं होतं. मी म्हटलं, "काका, घेण्याआधी माझ्या टबावर लावून बघू का?" त्यांनी आधी माझ्याकडे निरखून पाहिलं, मग स्वतःच गाडीत येऊन बसले.

टबावर बीच मोड लावला. सुरुवातीला थोडी कुरकुर, सेन्सिटिव्हिटी दोन घरं खाली आणल्यावर शांत. अंगठी आठ इंचांवरून आली, पीआयपेक्षा थोडी कमी. पण पडद्यावर आकडा होता. या मशीनवर उणे ९ ते ० म्हणजे लोखंड आणि १ ते ४० म्हणजे बाकीचे धातू. आईची पातळ अंगठी १० वर, माझी जाड अंगठी १५ वर, चांदीचं पैंजण थेट तिशीच्या पुढे. काकांनी खिशातून औषधाच्या गोळ्यांची रिकामी पट्टी चुरगाळून टाकली. ती ८ वर. थंड पेयाच्या डब्याचं कडं १३ वर.

इथे मी बराच वेळ थांबले, कारण निवडीपेक्षाही ही गोष्ट महत्त्वाची आहे. मशीनला नको ते आकडे गाळायला सांगता येतं. नव्या माणसाला मोह होतो की औषधाच्या गोळ्यांच्या चंदेरी पट्ट्या आणि डब्यांची कडी गाळून टाकावी. ती गाळली की सोन्याच्या अंगठ्याही गेल्या, कारण ॲल्युमिनियमचा कचरा आणि सोनं एकाच पट्ट्यात बसतात. लोखंड तेवढं गाळावं, बाकी सगळं खणावं. आपल्या नाण्यांचीही गंमत पाहा. १९९२ नंतरचं रुपयाचं नाणं चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलचं आहे. त्याचा आकडा एका जागी ठरत नाही, कधी लोखंडात पडतो, कधी वर उसळतो. म्हणजे परदेशातले लोक नाण्यांच्या आकड्यांवरून जे ठोकताळे सांगतात ते आपल्या किनाऱ्यावर कामाचे नाहीत. आपली वही आपणच तयार करावी लागते. मी केली आहे.

त्याच दिवशी एक वाईट गोष्टही कळली. गळ्यातली बारीक सोन्याची साखळी टबात टाकली आणि मशीनने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. साखळी कितीही लांब असली तरी मशीनला तिची एकेक कडी सुटी दिसते, आणि एवढ्याशा कडीचं उत्तर मिठाच्या उत्तरासारखंच असतं. मीठ वजा करताना साखळीही वजा होते. मी रात्री मामाला फोन करून स्पष्ट सांगितलं, "मामा, अंगठी शोधता येईल. जोडवी, पैंजण शोधता येईल. मंगळसूत्राच्या वाट्या कदाचित लागतील. नुसती बारीक चेन गेली असेल तर तू कुणाला आशा लावू नकोस." तो जरा गप्प झाला. "बरं," म्हणाला, "खोटं सांगण्यापेक्षा हे बरं."

बाकीच्या गोष्टी त्या मानाने सोप्या होत्या. मिनलॅबच्याच व्हँक्विश मालिकेत असंच तंत्र कमी किमतीत मिळतं, पण तिथे फक्त कॉइल पाण्यात बुडवता येते, वरचा डबा नाही. एक लाट आली की खेळ संपला. इक्विनॉक्स ६०० तीन मीटरपर्यंत बुडालं तरी चालतं. मला गुडघाभर पाण्यापलीकडे जायचंच नाही, पण हातून निसटलं तर हवं ना. बिनतारी हेडफोन पाण्याखाली निरुपयोगी, कारण रेडिओलहरी खाऱ्या पाण्यातून जात नाहीत. कोरड्या-ओल्या वाळूवर मात्र ते हवेतच, नाहीतर लाटांच्या आवाजात बारीक सिग्नल बुडून जातो.

खणायला लांब दांड्याचा जाळीदार स्कूप लागतो. तो मी धायरीतल्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये करून घेतला. शेडवाल्यांनी ३०४ स्टील सुचवलं, मी ३१६ चा आग्रह धरला. मिठाशी आमचा रोजचा संबंध, ३०४ ला खाऱ्या पाण्यात कसे डाग पडतात ते मी टाक्यांवर पाहिलेलं आहे. भोकं १० मिलिमीटरची ठेवली. परत आल्यावर मशीन आणि स्कूप दोन्ही गोड्या पाण्याने धुवायचे, चार्जिंगची पिन लावायची जागा पूर्ण वाळवायची, हा नेम मोडायचा नाही.

जाण्याआधी कायद्याचंही पाहून घेतलं. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेला दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. गडकिल्ले, संरक्षित वास्तू यांच्या आसपास मशीन घेऊन जाणं मला मुळातच पटत नाही. तिथली मातीसुद्धा इतिहासाची आहे, आणि आपण उपटलेली वस्तू कायमची मुकी होते. मी कालपरवा हरवलेल्या अंगठ्या शोधते, एवढंच. मामाने पोलीस ठाण्यात जाऊन आम्ही काय करणार, कुठे करणार ते सांगून ठेवलं. १९९३ च्या बॉम्बस्फोटांसाठी आणलेलं आरडीएक्स याच किनारपट्टीवर शेखाडीला उतरलं होतं. पहाटे कुणी यंत्र घेऊन पुळणीवर फिरताना दिसलं तर गावाने चौकशी करायलाच हवी.

दिवस मामाने ठरवला. भरतीचं गणित तो तिथीवरून करतो. तिथीला पाऊणपट करायचं, आलेला आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ, त्यापुढे सव्वासहा तासांनी ओहोटी. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी दुपारी बाराला. वेळ सोयीची, पण तेव्हा भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी असते, पाणी फार मागे सरत नाही. पौर्णिमेला उधाणाची ओहोटी मिळते, पण ती पहाटे साडेपाचला, अंधारात. "वद्य तृतीयेला ये," मामा म्हणाला. "सव्वादोनला भरती, साडेआठला सुकती. उजेडही मिळेल, पुळणही मिळेल."

फेब्रुवारीत तशी तृतीया रविवारी आली. मी आदल्या रात्री पोचले. सकाळी सातला आम्ही दोघं खाली उतरलो, तेव्हा पाणी अजून उतरत होतं आणि ओल्या वाळूवर आभाळ दिसत होतं. मशीन चालू केलं, कॉइल खाली नेली. शांतता. त्या शांततेसाठी मी चार महिने घालवले होते. फक्त काळ्या पट्ट्यांवर किंचित कुरकुर, तीही पट्ट्याच्या दिशेने न फिरता त्याला आडवं फिरलं की विरायची.

जोडप्याकडून मामाने त्या दिवशीचा फोटो मागवून घेतला होता. मागे सुरूची दोन झाडं, त्यातलं एक वादळाने वाकलेलं. त्या दोन झाडांच्या मधून पाण्याकडे सरळ रेघ धरली आणि दोरी लावून पट्टे पाडले. पहिल्या तासात तीन बुचं, गोळ्यांच्या चार पट्ट्या आणि लोखंड म्हणून सोडून दिलेले कितीतरी आवाज. मग १४ चा एक सुरेख, ठाम सिग्नल, दोन्ही बाजूंनी तोच आकडा. माझे हात थरथरले. स्कूप हलवला तर तळाशी जाळ्याची शिशाची गोळी. शिसंही त्याच पट्ट्यात बोलतं, हे तेव्हापासून वहीत आहे. दुपारपर्यंत अशा अकरा गोळ्या निघाल्या. मामाने त्या ओळखीच्या कोळ्याला देऊन टाकल्या.

पाणी परत चढायला लागलं त्या सुमारास २७ चा एक आवाज आला, चांगला फूटभर खाली. चार स्कूप वाळू काढल्यावर चांदीचं जोडवं निघालं, काळवंडलेलं, आतून झिजलेलं. वर्षानुवर्षं बोटात असलेलं. मामीने ते चिंच लावून घासलं आणि ओट्यावर पांढऱ्या कापडावर ठेवलं. पडवीतल्या फळ्यावर मामाने खडूने लिहिलं आहे की एक जोडवं सापडलं आहे, जोडीचं दुसरं आणून ओळख पटवावी. अजून कुणी आलेलं नाही.

साखरपुड्याची अंगठी मिळालेली नाही. त्या मुलीला मी फोन करून सांगितलं की सोडलेलं नाही. हिवाळ्यात किनाऱ्यावर वाळू चढते, पावसाळ्यात समुद्र ती ओढून नेतो, त्यामुळे अंगठी हल्ली खोलही गेली असेल. वाकलेल्या सुरूकडची अर्धी रेघ पूर्ण झाली आहे. सरळ सुरूकडची अर्धी येत्या वद्य तृतीयेला.